परदेशातली पीएच.डी. आणि व्हिसा : खान्देशातल्या घरांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमळनेर तालुक्यातला. घरी कापसाची शेती. बोंडअळीवर परदेशात पीएच.डी. केली आणि आता जळगावात शिकवतो. डिसेंबर लागला की माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसं येऊ लागतात. एक, ज्यांना जायचंय ती मुलं-मुली. दुसरे, ज्यांची लेकरं तिकडे आहेत ते आईवडील. जळगाव, धुळे, नंदुरबार कुठूनही येवोत, प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. माहिती २०२५ च्या अखेरपर्यंतची आहे. नियम फार झपाट्याने बदलताहेत, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ताडून बघाच.

व्हिसा मिळाला म्हणजे एकदाचं सुटलो ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. पासपोर्टवर जो व्हिसाचा शिक्का असतो तो त्या देशाच्या दारापर्यंत जाण्यासाठी. आत गेल्यावर तुम्ही कायदेशीर आहात की नाही, हे वेगळ्या नोंदीवर ठरतं. अमेरिकेत ही नोंद म्हणजे विद्यापीठाने दिलेला आय-२० आणि ‘सेविस’ नावाच्या सरकारी प्रणालीतलं तुमचं खातं. विषय पूर्ण वेळ शिकताय, पत्ता बदलला तर कळवलाय, परवानगीशिवाय बाहेर काम केलेलं नाही, एवढं असेल तर शिक्क्याची तारीख उलटून गेली तरी तुम्ही तिथे राहू शकता. तिकडची मुलं याला ‘स्टेटस’ म्हणतात.

आता हिशेब बघा. भारतीय विद्यार्थ्याला एफ-१ चा, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा, शिक्का साधारण ५ वर्षांचा मिळतो. विज्ञानातली पीएच.डी. ५ वर्षांत संपली तर नशीब, सहा वर्षं सहज लागतात. म्हणजे शेवटच्या वर्षात, जेव्हा प्रबंध लिहायचा असतो आणि घरी आईवडीलही थकलेले असतात, नेमका तेव्हा शिक्का संपलेला असतो. आत राहायला काही अडचण नसते. पण एकदा बाहेर पडलं की परत जाण्यासाठी नवा शिक्का, नवी मुलाखत, नवी तपासणी.

मग शिक्का संपलेला असताना घरी आलं तर काय होतं?

बहुतेकांचं काही होत नाही. दोन-तीन आठवड्यांत नवा शिक्का घेऊन मुलं परत जातात. पण ज्यांचं अडकतं त्यांचं कसं अडकतं, ते माझ्यावरून सांगतो. मी होतो त्या देशाचं नाव घेत नाही, कारण हे कुठेही होतं.

माझं शेवटचं वर्ष होतं. आप्पांना अर्धांगाचा झटका आला म्हणून मी आलो. मुलाखतीच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी संशोधनाचा विषय विचारला, मी सांगितला, त्यांनी एक छापील कागद हातात ठेवला : आणखी तपासणी लागेल, कळवू. किती दिवस? ते कागदावर नव्हतं.

प्रयोगशाळेत माझ्या अळ्या होत्या. हिरवी बोंडअळी एकत्र ठेवली तर एकमेकींना खाते, म्हणून प्रत्येक अळी वेगळ्या छोट्या कपात ठेवावी लागते. चणाडाळीच्या पिठाचं खाद्य शिजवून, गार करून, कपाकपात ओतायचं. कोष झाले की भिंगाखाली नर-मादी वेगळे करायचे. असे काहीशे कप, रोजचे. ही चौदावी पिढी होती. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तीन आठवडे स्वतःचं काम सांभाळून माझे कप सांभाळले. मग तिची परीक्षा आली. पाचव्या आठवड्यात तिने फोटो पाठवला : निम्म्या कपांत बुरशी. सातव्या आठवड्यात पिढी संपली.

मी गावात होतो. सकाळी आप्पांना उठवून बसवायचं, मग देवळाच्या पारावर जायचं, कारण तिथे रेंज येते, आणि अर्जाची स्थिती बघायची. पारावरचे म्हातारे विचारायचे, “भाऊ, कवय जाशी?” म्हणजे कधी जाणार. मला सांगता यायचं नाही. शेतात कापूस फुटलेला, बोंडं फोडली की आत अळी. जिच्यावर मी सहा वर्षं घातली ती माझ्याच बांधावर, आणि तिच्यावरचे प्रयोग बारा हजार किलोमीटरवर कपाकपात मेलेले. नवव्या आठवड्यात व्हिसा आला. प्रबंधातलं एक प्रकरण नव्याने सुरू करावं लागलं आणि पदवी एक सत्र लांबली.

व्हिसाच्या बातम्यांत किती अर्ज, किती नकार असे आकडे येतात. मंजूर झालेला माझा अर्ज त्या आकड्यांत यशस्वी म्हणून मोजला गेला असेल. संशोधनाचं नुकसान बहुतेक असंच होतं, नकारात नाही, थांबण्यात. पिकाचा हंगाम निघून जातो, पेशी मरतात, उपकरणाची पाळी दुसऱ्याला जाते, गाईडच्या निधीची मुदत संपते. म्हणून शेवटच्या वर्षातल्या मुलाला “ये ना रे दिवाळीला” म्हणताना हे मनात असू द्या.

अमेरिकेत २०२५ मध्ये नेमकं काय काय झालं?

मार्च-एप्रिलमध्ये हजारो विद्यार्थ्यांची सेविस खाती अचानक बंद केली गेली. काहींच्या बाबतीत कारण म्हणजे वाहतुकीच्या नियमभंगासारखी जुनी, किरकोळ नोंद. खटले झाले, आणि एप्रिलच्या अखेरीस सरकारने खाती परत सुरू केली. पण त्या काही आठवड्यांत अनेक मुलं प्रयोगशाळेत पाऊल ठेवायलाही घाबरत होती.

२७ मे रोजी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं थांबवलं. १८ जूनच्या सुमारास परत सुरू झालं, पण समाजमाध्यमांची खाती तपासायची अट घालून. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होतात, त्यामुळे मे-जूनमधले ते तीन आठवडे म्हणजे ऐन पेरणीत बियाणं न मिळण्यासारखं होतं. त्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत दाखल झालेल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या आदल्या ऑगस्टपेक्षा जवळपास ४५ टक्क्यांनी कमी भरली.

ऑगस्टच्या शेवटी आणखी एक प्रस्ताव आला : शिक्षण चालू आहे तोवर राहा, ही जुनी पद्धत काढून जास्तीत जास्त ४ वर्षांची मुदत द्यायची, पुढे हवी असेल तर सरकारकडे वेगळा अर्ज. सहा वर्षांच्या पीएच.डी.ला ही अट कशी बसेल ते तुम्हीच बघा. सप्टेंबरपासून मुलाखतीतून मिळणारी सूट जवळपास बंद झाली, आणि अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातूनच करावा असं सांगितलं गेलं. पूर्वी मुलं सुट्टीत दुसऱ्याच देशात जाऊन शिक्का मारून घेत, तो रस्ता गेला. १९ सप्टेंबरला एच-१बी च्या, म्हणजे तिकडे नोकरी करण्याच्या व्हिसाच्या, नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. डिसेंबरात एच-१बी वाल्यांचीही समाजमाध्यमं तपासायला सुरुवात झाली आणि भारतात सुट्टीवर आलेल्या अनेकांच्या मुलाखती पुढच्या वर्षात ढकलल्या गेल्या.

जून २०२५ मध्ये काही देशांच्या नागरिकांवर सरसकट प्रवेशबंदी आली, त्यात भारत नव्हता. माझ्या ओळखीतल्या प्रयोगशाळांमध्ये इराणी मुलं आहेत, त्यांच्यापुढे आपली अडचण छोटी वाटते.

इन्स्टाग्राम, फेसबुक डिलीट करू का?

नका करू. अर्जात गेल्या ५ वर्षांतल्या खात्यांची नावं विचारतात, ती खरी लिहा. खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं आहे, ठेवा. ऐन वेळी पुसलेलं खातं जास्त संशय निर्माण करतं. निवडणुकीच्या काळात गावच्या ग्रुपमध्ये काय फॉरवर्ड केलं याची तपासणी कुणी करेल असं वाटत नाही, पण जे सार्वजनिक आहे ते आपणच एकदा डोळ्याखालून घालावं. आपली मतं असणं हा गुन्हा नाही, हे मी मुलांना सांगतो, आणि तरीही ती गप्प होत चालली आहेत. मला याचं फार वाईट वाटतं. प्रश्न विचारायला शिकण्यासाठीच तर आपण त्यांना पाठवतो.

आमचं उत्पन्न शेतीचं. रिटर्न भरत नाही. पैसे कसे दाखवायचे?

पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शकांना हा प्रश्नच कळत नाही, कारण त्यांच्याकडे पगारदार घरं येतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे अनेक घरांत रिटर्न कधी भरलेलंच नसतं. कापूस दिवाळीनंतर विकला जातो, म्हणजे वर्षभर खात्यात काही नाही आणि एकदम मोठी रक्कम. केळीवाल्यांचंही थोड्याफार फरकाने तसंच. बाहेरच्या माणसाला हे उसने आणून टाकलेले पैसे वाटतात.

म्हणून कागद आधीपासून जमवा. सातबारा आणि आठ-अ. विक्रीच्या पट्ट्या, जिनिंगच्या किंवा व्यापाऱ्याच्या पावत्या, निदान तीन हंगामांच्या. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. चार्टर्ड अकाउंटंटकडून मालमत्तेचं प्रमाणपत्र, इंग्रजीत. आणि विक्रीचा पैसा रोखीत न घेता खात्यात घ्या. दोन वर्षं आधीपासून एवढी एक सवय लावली तरी अर्धं काम होतं. शेती असूनही रिटर्न भरता येतं, शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवून. जिथे दोन-तीन वर्षांचा वेळ आहे तिथे मी हेच सुचवतो.

इंग्लंडसाठी लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. खत-बियाण्याला त्या खात्यातून पैसे काढू नका.

पण पूर्ण निधीची पीएच.डी. असेल तर यातलं बरंचसं लागत नाही. तुमच्या आय-२० वरच विद्यापीठ फी माफ करतंय आणि दरमहा विद्यावेतन देतंय असं छापलेलं असतं. संशोधनच करायचं असेल तर कर्ज काढून मास्टर्स करण्यापेक्षा निधीवाली पीएच.डी. शोधा, हे मी प्रत्येकाला सांगतो. तिला वर्षभर जास्त तयारी लागते, पण एकरं विकावी लागत नाहीत.

चार एकर जमीन आहे, ती ठेवून कर्ज मिळेल का?

बहुतेक बँका नाही म्हणतात. कर्ज बुडालं तर तारण थेट ताब्यात घेण्याचा जो सरफेसी कायदा आहे तो शेतजमिनीला लागू नाही, म्हणून बँकेच्या दृष्टीने ते तारण कच्चं. बिनशेती प्लॉट, घर किंवा मुदत ठेव चालते. साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँकेत तारणाशिवाय होतं, पण परदेशी शिक्षणाला ते पुरत नाही. मग लोक नातेवाइकाचा धुळ्यातला किंवा जळगावातला प्लॉट ठेवतात. हे करताना त्या काकांना नीट सांगा की मुलाला व्हिसा मिळाला नाही किंवा नोकरी लागली नाही तर त्यांचा प्लॉट अडकणार आहे. मी दोन कुटुंबं यावरून तुटलेली पाहिली आहेत.

बँकेने मंजूर केलेल्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पैसे परदेशी पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, कापला जात नाही.

नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा भागातल्या आदिवासी मुलामुलींनी आदिवासी विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती आणि अनुसूचित जातीच्या मुलांनी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर बघावी. जाहिरात येते तेव्हा मुदत थोडी असते, जातवैधता आधीच काढून ठेवा.

नावात फरक आहे. चालेल का?

चालत नाही, आणि दुरुस्तीला महिने लागतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी आहे कधी नाही. जुन्या जन्मनोंदीत तर नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ लिहिलेलं असतं, नाव ग्रामपंचायतीत जाऊन घालून घ्यावं लागतं. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा राहिला तर अमेरिकन व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) छापलं जातं आणि मग बँक खातं, वाहन परवाना, शोधनिबंध, सगळीकडे तेच नाव पाठी लागतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर विशेष बघावं. पहिला शोधनिबंध ज्या नावाने छापला तेच नाव पासपोर्टवर ठेवा.

मुंबईला किती वेळा जावं लागतं?

अमेरिकेसाठी दोनदा : एकदा बोटांचे ठसे आणि फोटो, एकदा मुलाखत. वांद्रे-कुर्ला संकुलात. लागोपाठच्या दोन दिवसांच्या तारखा मिळवायचा प्रयत्न करा, म्हणजे भुसावळहून रात्रीची गाडी एकदाच धरावी लागते. आदल्या दिवशीच पोचा. आमच्या एका विद्यार्थ्याची गाडी इगतपुरीला चार तास उभी राहिली होती. मुलाखतीला आत बॅग, लॅपटॉप नेऊ देत नाहीत, सोबत कुणीतरी बाहेर थांबेल असं बघा. अर्जाचं शुल्क १८५ डॉलर, सेविसचं एफ-१ ला ३५० आणि जे-१ ला (पाहुणे संशोधक वगैरेंचा व्हिसा) २२० डॉलर, आणि अर्ज फेटाळला तरी व्हिसाचे पैसे परत मिळत नाहीत.

“परत येणार का?” असं विचारलं तर काय सांगायचं?

अमेरिकेच्या कायद्याचं कलम २१४(ब) असं गृहीत धरतं की तुम्ही तिथेच राहायला चालला आहात, तसं नाही हे तुम्ही पटवायचं. दोन-तीन मिनिटांत. एजंट लोक एक पाठ केलेलं वाक्य शिकवतात, “माझे आईवडील म्हातारे आहेत, मी परत येईन.” दिवसभर तेच ऐकणाऱ्या माणसावर त्याचा काय परिणाम होणार?

स्वतःचं काम सांगा. धुळ्याची एक मुलगी भूजलावर काम करायला निघाली होती. तिने सांगितलं की आमच्या विहिरी मार्चमध्ये आटतात, तापीच्या काठावरच्या केळीला मात्र पाणी असतं, आणि हा फरक खडकातून कसा येतो ते मला मोजायचंय. ती परत येऊन कुठे काम करेल हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. न समजलेला प्रश्न परत विचारायला लाजू नका.

संशोधनाचा विषयच अडचण ठरू शकतो?

हो. अमेरिकेत ‘संवेदनशील तंत्रज्ञाना’ची एक यादी आहे : अणुविज्ञान, प्रगत पदार्थ, काही जैवतंत्रज्ञान, रोबोटिक्स वगैरे. त्यात बसेल असं वाटलं तर कायद्याच्या कलम २२१(ग) खाली प्रकरण तपासणीला जातं. माझी अळीसुद्धा कुणाला तरी जैविक धोका वाटली असेल, असं मी मानून चालतो. अशा वेळी संकेतस्थळावर तुमच्या प्रकरणापुढे ‘रिफ्यूज्ड’ असं दिसतं. ते अंतिम नसतं, घाबरू नका. मागतील ते कागद, बहुतेकदा बायोडेटा, शोधनिबंधांची यादी, गाईडचं पत्र, त्याच दिवशी पाठवा. एक पानाचा संशोधनाचा सारांश साध्या भाषेत लिहून आधीच खिशात ठेवा, तज्ज्ञ नसलेल्या माणसाला कळेल असा. ‘विषाणू’, ‘विष’, ‘ड्रोन’ असे शब्द शीर्षकात असतील तर त्यांचा शेतीशी संबंध पहिल्याच ओळीत सांगा.

चिनी विद्यार्थ्यांना मे २०२० च्या एका अध्यक्षीय आदेशामुळे याहून कडक गाळणीतून जावं लागतं. इंग्लंडमध्ये अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या काही शाखांना ‘अ‍ॅटास’ नावाचं प्रमाणपत्र आधी घ्यावं लागतं, भारतीयांनाही. त्याला फी नाही, पण आठवडे जातात आणि त्याशिवाय व्हिसाचा अर्जच करता येत नाही.

पीएच.डी. झाल्यावर तिथे काम करता येतं का?

अमेरिकेत ओपीटी खाली, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच पदवीनंतर काम करायच्या परवानगीवर, १२ महिने, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना आणखी २४. पहिल्या बारा महिन्यांत ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. त्यानंतर कंपनीत राहायचं तर एच-१बी : वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेतून मास्टर्स किंवा वरची पदवी घेतलेल्यांना २० हजार, अर्ज जास्त म्हणून सोडत. विद्यापीठांना ही मर्यादा लागू नाही, म्हणून संशोधकांचा तो हक्काचा रस्ता होता. १ लाख डॉलरच्या शुल्कातून मात्र विद्यापीठांना सूट मिळालेली नाही. देशातच एफ-१ वरून एच-१बी वर जाणाऱ्याला ते लागत नाही, असं ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट झालं. पण जळगावात बसलेल्या मुलीला पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी. नंतरची संशोधक, म्हणून एच-१बी वर बोलवायचं तर विद्यापीठाचा कुठला विभाग एवढे पैसे घालेल? कित्येक पोस्टडॉकचा वर्षाचा पगारसुद्धा एवढा नसतो.

तिला जे-१ उरतो. जे-१ ला पूर्वी दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट आपल्या अनेक विषयांना लागू होती. डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून भारत वगळला गेला, हा एक चांगला बदल. सरकारी शिष्यवृत्तीवर गेलात तर ती अट अजूनही आहे.

कर्जाचा हप्ता ठरवताना ओपीटी किंवा एच-१बी मधल्या पगारावर हिशेब बांधू नका. भारतातल्या पगारात हप्ता बसतो का, एवढंच बघा.

अमेरिका सोडून कुठे?

जर्मनी. पहिलं नाव मी तेच घेतो. पीएच.डी.ला बहुतेक ठिकाणी तुम्ही पगारी कर्मचारी असता, त्यामुळे व्हिसाचा सूरच वेगळा असतो. मास्टर्सला बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठाची फी नाही, मात्र वर्षाला ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे आधी भरून अडकवून ठेवलेल्या खात्यात, दाखवावे लागतात आणि भारतीय पदव्या खऱ्या असल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं. शिक्षणानंतर नोकरी शोधायला १८ महिने. भाषा शिकावी लागते, आणि अहिराणी, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत वावरणाऱ्या पोरांना पाचवी जड जाऊ नये.

इंग्लंडमध्ये शिक्षणानंतरचा व्हिसा पीएच.डी.ला ३ वर्षांचा आहे. मास्टर्सला आज २ वर्षं, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिने. आरोग्य अधिभार विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम आधी.

कॅनडाने २०२४ पासून विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि लवकर निकाल देणारी एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद केली. पण १ जानेवारी २०२६ पासून सरकारी विद्यापीठांतल्या मास्टर्स आणि पीएच.डी.ला प्रांताच्या संमतीचं पत्र लागत नाही. ऑस्ट्रेलियाने व्हिसाची फी जुलै २०२४ मध्ये ७१० वरून १,६०० डॉलर केली, जुलै २०२५ मध्ये २,०००. त्यांचे डॉलर, पण तरी भरपूर.

लग्न झालंय. जोडीदार सोबत येऊ शकतो?

अमेरिकेत एफ-१ वाल्याच्या जोडीदाराला एफ-२ वर येता येतं, नोकरी करता येत नाही. जे-१ वाल्याच्या जोडीदाराला जे-२ वर परवाना काढून करता येते. इंग्लंडने जानेवारी २०२४ पासून मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब आणणं बंद केलं, पीएच.डी.ला चालू आहे. कॅनडात जोडीदाराला कामाचा परवाना आता पीएच.डी. किंवा १६ महिने व त्याहून लांब मास्टर्सपुरता राहिला आहे, थोडे अपवाद सोडले तर.

लग्न जमवताना हे दोन्ही घरांनी बसून बोलावं. शिकलेली, नोकरी सोडून गेलेली मुलगी पाच वर्षं घरात बसते तेव्हा तिच्यावर काय गुदरतं, हे फोनवर कळत नाही.

मी इथेच प्राध्यापक आहे. परिषदेला जायलाही त्रास होतो का?

होतो. २०२२ मध्ये माँट्रियलच्या जागतिक एड्स परिषदेला आफ्रिकेतल्या कितीतरी प्रतिनिधींना व्हिसा मिळाला नाही, ज्यांच्या देशांत हा आजार सर्वांत जास्त आहे त्यांनाच. आपल्याकडे शोधनिबंध स्वीकारल्याचं पत्र परिषदेच्या तीन महिने आधी येतं आणि मुलाखतीची तारीख त्यानंतरची. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा, त्यातल्या त्यात वेळेवर होतो, शुल्क ९० युरो. आयोजकांना निमंत्रणपत्र लवकर मागा, आणि ऑनलाइन सादरीकरणाची सोय आहे का हे नोंदणीचे पैसे भरण्याआधी विचारा.

एजंट म्हणतो कागद ‘बनवून’ देतो.

उठून बाहेर या. खोटा कागद सापडला तर अमेरिकेत कायमचा प्रवेश बंद होऊ शकतो, मुलाचं वय २२ असलं तरी. २०२३ मध्ये कॅनडात बनावट प्रवेशपत्रांमुळे अनेक भारतीय विद्यार्थ्यांवर, मुख्यतः पंजाबच्या, परत पाठवणीची वेळ आली. त्यांतले कित्येक म्हणत होते की पत्र खोटं आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. अर्ज स्वतः भरा. पासवर्ड स्वतःकडे ठेवा. डीएस-१६०, म्हणजे अमेरिकन व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरायला एक दुपार लागते, त्यासाठी पन्नास हजार कशाला?

व्हिसा नाकारला. आता?

पहिल्यांदा गाईडला आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला त्याच रात्री मेल करा. प्रवेश पुढच्या सत्रात ढकलून मिळतो, निधी राखून ठेवता येईल का ते विचारावं लागतं, आणि न विचारणाऱ्यांचा जातो. लगेच दुसरा अर्ज करू नका. परिस्थितीत काही बदल झाला असेल, नवा कागद हाती आला असेल, तरच करा.

आणि गावात तोंड लपवू नका. दारावर पेढे वाटून झालेले असतात, सत्कार झालेला असतो, त्यामुळे मुलं महिनोन्‌महिने घराबाहेर पडत नाहीत. माझ्याकडे या, बसू, बोलू. नेट-जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार मिळतात. नागपूरला कापूस संशोधन संस्था आहे, पुण्याला आयसर ही विज्ञान संस्था आहे, आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे आणि तिथेही मनापासून काम करणारे गाईड आहेत. ज्या मुलाची जागा तिकडे रिकामी राहिली त्याचा प्रश्न इथेही तेवढाच खरा आहे.

मुलगी तीन वर्षं आली नाही. तिला यायला सांगू का?

हे विचारणाऱ्या आईला मी चार गोष्टी विचारायला सांगतो. एक, शिक्का कधीपर्यंतचा आहे. दोन, आय-२० वर प्रवासाची सही ताजी आहे का. ती वर्षभर चालते, ओपीटीवर असेल तर सहा महिने. तीन, प्रयोगाचा मधला काळ कुठला, म्हणजे कपात अळ्या नसतील असा. चार, शिक्का संपला असेल तर मुंबईची तारीख आधी मिळतेय का. चारही जुळलं तर तिकीट काढा, परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असं.

एकही अडत असेल तर दर रविवारी तोच प्रश्न विचारू नका, काकू. तिला यायचंच आहे. फोन करा तेव्हा कॅमेरा चुलीकडे ठेवा, भरताची वांगी भाजताना दिसू द्या, कळण्याची भाकरी थापताना दिसू द्या, तिच्या बाबांचा आवाज मागून येऊ द्या. आणि तिच्या कामात काय चाललंय ते विचारा. माझी आई विचारायची, “आज किती अळ्या मेल्या?” मला त्या प्रश्नाने फार बरं वाटायचं.